गोव्यातलं ५जी: छतावरच्या डब्याला चार स्टार, खिशातल्याला अडीच

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेले मोकळे होतील. गोव्यात ५जी, जिओ आणि एअरटेल या दोन्ही मोठ्या कंपन्यांचं वापरून, फोनमध्ये अडीच स्टार. छतावर डबा लावून घरात वायफाय देतात ते वायरलेस इंटरनेट, त्याला चार. पाचवा का कापला ते खाली येईलच. पण ही सेवा कंपन्यांनी नक्की कशासाठी सुरू केलीय हे डोक्यात बसल्याशिवाय कुठला प्लॅन मारायचा हे ठरवता येत नाही असं माझं मत आहे, त्यामुळे मधे जरा हिशोबाचं लिहिणार, ज्यांना नको त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

माझं म्हापशात मोबाइलचं छोटं दुकान. रिचार्ज, सिम, टेम्पर्ड ग्लास, चार्जर, जे येईल ते. घर डिचोली तालुक्यात, म्हणजे दिवसा शहरातलं नेटवर्क आणि रात्री गावातलं. शिवाय ताईच्या कांदोळीला भाड्याच्या खोल्या आहेत, तिथलं वायफाय पण माझ्याच गळ्यात.

फोनचं आधी. म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा इथे मोकळ्या जागी उभं राहून स्पीडटेस्ट मारली तर तीनशे एमबीपीएसच्या पुढे सहज जातं, कधी पाचशे. छान वाटतं, स्क्रीनशॉट काढून भावाला पाठवता येतो. पण मग त्या तीनशेचं करायचं काय? रील बघायला पाच पुरतात, व्हिडिओ कॉलला तीन, आणि यूपीआयला तर जवळजवळ काहीच लागत नाही. दुकानात येणाऱ्या माणसाला मी विचारतो, ५जी घेतल्यावर काय नवीन करायला लागलात हो? उत्तर एकच, बॅटरी लवकर संपायला लागली.

आणि दुकानातून आत गेलात की गंमत संपते. ५जीचा मुख्य बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा, लहान लहरींचा, आणि आमच्याकडे जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती हातभर रुंद. अंगणात तीनशे, माजघरात फोन गुपचूप ४जीवर. पावसात झाडं ओली झाली की अजून थोडं कमी. यात कंपनीचा दोष नाही, भिंतीचाही नाही, लहरीच तशा आहेत.

आता गावाकडची एक गोष्ट सांगतो जी दुकानात रोज समजावून सांगावी लागते. वाळपई, साखळीच्या पुढे गेलं की फोनवर ५जी ऐटीत लिहून येतं पण स्पीड वीस-तीस. लोक म्हणतात फसवलं. सॅमसंग फोन असेल तर डायलरवर स्टार हॅश शून्य शून्य अकरा हॅश दाबा, एक कुरूप पांढरा स्क्रीन उघडतो, त्यात बँड लिहिलेला असतो. एन७८ दिसलं तर खरं जोरदार ५जी. एन२८ दिसलं तर ते ७०० मेगाहर्ट्झवालं. २०२२ मध्ये सरकारने हे बँड, म्हणजे स्पेक्ट्रम, लिलावात विकले, त्यात ७०० चा एकट्या जिओने घेतला, प्रत्येक सर्कलमध्ये (मोबाइलसाठी देशाचे पाडलेले भाग) १० मेगाहर्ट्झ, आणि वरच्या ३.३ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये घेतले १०० मेगाहर्ट्झ. म्हणजे ७०० लांब जातो, भिंतीतून घुसतो, पण रुंदी एक दशांश. त्यात ४जीपेक्षा फार वेगळं काही मिळणार नाही, नाव तेवढं ५जी. एअरटेलने ७०० घेतलाच नाही आणि सुरुवात ४जीच्या खांद्यावर बसून केली, एनएसए म्हणतात ते. जिओने पहिल्यापासून एसए, म्हणजे मागचं सगळं मशीन पण ५जीचं. वापरणाऱ्याला रोजच्या कामात फरक जाणवत नाही, पण छतावरच्या डब्याच्या वेळी पडतो, ते पुढे.

आमच्या दुकानात एक निवृत्त मास्तर येतात, रिचार्ज कमी आणि गप्पा जास्त. एकदा म्हणाले, "काय रे, ४जीच्या पैशात ५जी देतात, ते पण अनलिमिटेड, दया आली काय यांना?" मी म्हटलं, "मास्तर, दया कसली, त्यांचाच खर्च वाचतो." त्यांना पटेना. मग असं सांगितलं. रायबंदर-चोडणला जुनी फेरीबोट आणि २०२५ च्या जुलैत आलेली रो-रो यात, एका खेपेचा खर्च रो-रोला जास्त धरला तरी एकाच वेळी कितीतरी जास्त गाड्या पलीकडे जातात म्हणून दर गाडीमागे खर्च कमी. ५जीचं तेच. टॉवरवरचा रेडिओ, म्हणजे लहरी सोडणारं यंत्र, महाग, वीज जास्त खातो, टॉवरपर्यंत चांगली फायबर लागते, पण एक जीबी डेटा वाहून न्यायला ४जीपेक्षा स्वस्त पडतो. आणि डेटा तर दरवर्षी वाढतोच आहे, नोकियाच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये भारतात एक माणूस महिन्याला सरासरी २७.५ जीबी वापरत होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं त्याच्या आधी आपण एक जीबी महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो, आठवतंय ना? एवढा लोंढा ४जीवर वाहायचा तर जागोजागी नवे टॉवर टाकावे लागले असते, आणि गोव्यात नवा टॉवर टाकणं म्हणजे काय हे ज्याने ग्रामसभा बघितलीय त्याला विचारा.

म्हणून माझं म्हणणं असं की कंपन्यांनी हे अपग्रेड नवीन कमाईसाठी केलं असं त्या सांगतात ते अर्धंच. रोबोट, लांबून ऑपरेशन, स्मार्ट कारखाने, १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत उद्घाटन झालं तेव्हा हे सगळं दाखवलं होतं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे दोन-तीन गिऱ्हाईक कामाला आहेत, तिकडे अजून फायबर आणि वायफायवरच चाललंय म्हणतात, कुणी ५जी मागितलेलं नाही. खरा फायदा घरातल्या घरात आहे, गर्दी सावरणं आणि जीबीचा खर्च उतरवणं. ज्याच्याकडे ५जी फोन आहे त्याला जमेल तितकं ४जीवरून उठवून तिकडे बसवायचं, म्हणून अनलिमिटेडचं गाजर. २०२५ च्या मार्चअखेर जिओकडे ५जीवाले १९ कोटींच्या वर गेले होते, तेवढी माणसं ४जीवरून हलली की उरलेल्यांचं ४जी आपोआप मोकळं.

हे कागदावर कोरडं वाटतं पण मी म्हापशातल्या बोडगेश्वरच्या जत्रेत डोळ्यांनी बघितलंय. ५जी यायच्या आधी जत्रेत रात्री नऊनंतर फोन म्हणजे नुसता टॉर्च. खाजेवाल्याच्या गाड्यावर क्यूआर लावलेला, माणूस पैसे पाठवतो, त्याच्या फोनवर गोल फिरतंय, फिरतंय, मग एकदाचे पैसे कापले जातात आणि इकडे साऊंडबॉक्स मुका. "गेले हो माझ्याकडून." "तुमच्याकडून गेले म्हणता, पण आमची बाई अजून बोलली नाही." मागे रांग, खाज्याची पुडी मधेच धरलेली, शेवटी माणूस खिशातून चुरगळलेली पन्नासची नोट काढतो. अलीकडे त्याच जत्रेत तीच बाई झटकन बोलते. आणि मजा म्हणजे त्या साऊंडबॉक्सच्या आत ५जी सिम नाहीच, साधं ४जी नाहीतर २जी. आजूबाजूची पोरं रील टाकायला ५जीवर गेली म्हणून त्याला जागा मिळाली. तर ज्याने ५जी फोन घेतलाच नाही त्यालाही ५जीचा फायदा झाला, कदाचित घेतलेल्यापेक्षा जास्तच. अडीच स्टारमधला एक स्टार याचा.

आता पैसे कुठून काढतात. २०२२ च्या लिलावात चार कंपन्यांनी मिळून दीड लाख कोटींचे स्पेक्ट्रम घेतले, त्यातले जिओचे ८८,०७८ कोटी, एअरटेलचे ४३ हजार कोटींच्या वर. वीस वार्षिक हप्ते, वर व्याज. हे कुणाच्या खिशातून जाणार हे सांगायला नको. २०२४ च्या जुलैत सगळ्यांनी दर वाढवले. जिओचा २३९ चा प्लॅन २९९ झाला. आणि त्याहून हुशारीची गोष्ट त्याच दिवशी केली ती लोकांच्या उशिरा लक्षात आली, अनलिमिटेड ५जी फक्त रोज २ जीबी किंवा वरच्या प्लॅनवर. म्हणजे जिओत २९९ वाल्याला ५जीसाठी ३४९ वर उडी, एअरटेलमध्ये ३४९ वाल्यालाही वरच्या प्लॅनवर. त्या आठवड्यात दुकानात मी नुसत्या शिव्या खाल्ल्या, जणू दर मीच ठरवतो.

पण आकडे बघा. दर माणशी महिन्याची कमाई, ज्याला एआरपीयू म्हणतात, २०२४ च्या जून तिमाहीत एअरटेलची २११ होती ती वर्षभरात २५० झाली, जिओची १८२ ची २०९ च्या आसपास. यात दरवाढीचा वाटा मोठा, ५जी मुद्दाम जास्त पैसे देऊन घेणारे किती ते मला दुकानात दिसतं. फार थोडे. बहुतेक जण २ जीबीवाला प्लॅन मारतात कारण दीड जीबी दुपारीच संपतो. तर ५जी हे दरवाढ गळी उतरवायचं निमित्त झालं असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

जास्त पैसे मागून फसल्याचा धडा कंपन्यांकडे आहेच म्हणा. २०१० मध्ये ३जीच्या लिलावात ६७ हजार कोटींच्या वर ओतले, वसूल व्हायच्या आत २०१६ ला ४जी फुकट वाटणारा आला, मग एअरसेल दिवाळखोरीत, आरकॉमची, म्हणजे रिलायन्स कम्युनिकेशन्सची, मोबाइल सेवा बंद, आयडिया आणि व्होडाफोन २०१८ मध्ये एकत्र, तीच आताची व्हीआय. आपल्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये आयडिया म्हणजे घरचं माणूस होतं, घाटावर असो की खाली किनाऱ्यावर, रेंज म्हणजे आयडिया. आज माझ्या दुकानात ते सिम घेऊन येणारा माणूस बहुतेक पोर्ट करायलाच आलेला असतो. नवीन पिढीचं नेटवर्क घातलं तर कर्ज, नाही घातलं तर गिऱ्हाईक जातं, या दोन्हीच्या मधे ती कंपनी सापडली. त्यांचं ५जी मुंबईत सुरू झालं तेच २०२५ च्या मार्चमध्ये, आणि सरकारची देणी शेअरमध्ये फिरवून आता जवळजवळ निम्मी कंपनी सरकारची.

गोव्याचा हिशोब आणखी वेगळा. एक तर आपण स्वतंत्र सर्कल नाही, महाराष्ट्राला जोडलेले, म्हणजे गोव्यासाठी म्हणून कुणी स्पेक्ट्रम विकत घेत नाही, ते सोबत येतं. दुसरं, इथे राहणारे पंधरा लाखांच्या आसपास आणि वर्षाला पर्यटक एक कोटीच्या आसपास. ३१ डिसेंबरला बागा-कळंगुटच्या टॉवरवर जे लटकलेले असतात त्यातले बहुतेक दिल्ली, बेंगळुरू, पुण्याची सिमं. रोमिंगचे वेगळे पैसे आता लागत नाहीत, त्यांचं रिचार्ज त्यांच्या सर्कलच्या खात्यात, भार मात्र आमच्या टॉवरवर. मग कंपनी इथे खर्च का करते? कारण तो पोस्टपेडवाला, महागडा फोनवाला गिऱ्हाईक इथे व्हिडिओ कॉल तुटला म्हणून घरी जाऊन पोर्ट मारेल ही भीती. त्यामुळे किनारपट्टीवर ५जी लवकर आणि दाट, आणि सत्तरी-सांगेच्या आतल्या वाड्यांवर एन२८ नाहीतर तेही नाही. लॉकडाऊनमध्ये तिकडची पोरं ऑनलाइन क्लाससाठी डोंगर चढत होती, आठवत असेल. त्या पोरांच्या पालकांचं १९९ चं रिचार्ज आणि कांदोळीतल्या पाहुण्याचं हजाराचं बिल, यात कंपनीचा इंजिनियर टॉवर कुठे टाकणार? व्यवसाय म्हणून चुकत नाही, पण मग जाहिरातीत 'प्रत्येक गावात' म्हणू नये.

दाबोळी विमानतळाकडे अजून एक भानगड. २०२२ च्या नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने विमानतळांसाठी अट घातली, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर या पट्ट्यात ३.३ ते ३.६७ चे टॉवर नकोत, विमानाच्या उंची मोजणाऱ्या यंत्राला त्रास होईल म्हणून. वास्को-चिखलीच्या बाजूचं कुणी "आमच्याकडे ५जी का मिळत नव्हतं" म्हणून विचारायचं तेव्हा मी हे सांगायचो, तर माझ्याकडे असं बघायचे की हा पण बाता मारतो.

बरं, आता चार स्टारवाला डबा. मला विचाराल तर कंपन्यांच्या अपग्रेडला गोव्यात खरा धंदा यातच आहे. आमच्या गावात घरं विखुरलेली, दोन घरांमध्ये बाग, मधे शेत, कुळागर. फायबर ओढायची तर विजेच्या खांबावरून लोंबकळत, पहिल्या वादळात माडाचं झावळं पडलं की तुटली, खोदायची तर परवानग्या, आणि पावसाळ्यात रस्ता खोदायला मिळत नाही. तिथे टॉवर आधीच उभा आहे, ५जीची बरीच जागा रिकामी पडलेली आहे, एक डबा लावला की महिन्याला ५९९ अधिक जीएसटी म्हणजे ७०७ रुपये. फोनवाल्यापेक्षा दुप्पट कमाई, नवा टॉवर न टाकता. जिओने ही डब्याची सेवा एअरफायबर नावाने २०२३ च्या चवथीला सुरू केली, एअरटेलने त्याच्या थोडं आधी. आणि लोक याचे पैसे आनंदाने देतात, कारण इथे काहीतरी खरंच बदलतं. घरात टीव्ही चालतो, पोरगी अभ्यास करते, मी हिशोब करतो, आणि चिऱ्याच्या भिंतीचा प्रश्न सुटतो कारण सिग्नल छतावर पकडून आत वायरने येतो.

आमच्याकडे तीस एमबीपीएसवाला आहे. संध्याकाळी साडेसात ते दहा जरा खाली येतो, बाकी वेळ भरलेल्या पैशाचा स्पीड मिळतो. हवा सगळ्यांची एकच, त्यामुळे टॉवरच्या एका बाजूला डबे फार झाले की कंपनी नवीन कनेक्शनला 'फिजिबल नाही' म्हणून टाकते, शेजाऱ्याला मिळालं आणि तुम्हाला नाही तर त्यात राजकारण शोधू नका. एसए नेटवर्कवर घरच्या डब्यांना वेगळी वाट काढून देता येते, स्लायसिंग, त्यामुळे जत्रेच्या रात्री पण टीव्ही अडकला नाही हे मी बघितलंय. एक गोष्ट मात्र विचारून घ्या, काही ठिकाणी छतावर बसवतात तो ५जी नसतोच, विनापरवाना बँडवरचा रेडिओ असतो, यूबीआर. वाईट नसतो, पण टॉवर समोर स्वच्छ दिसायला लागतो, मधे फणसाचं झाड आलं की गेला.

पाचवा स्टार कापला तो बसवणाऱ्यांमुळे. कंपनीचं नाव घेत नाही, ताईच्या खोल्यांवर जी लावली ती. मुलगा आला, कौलांवर चढायला घाबरला, मग डबा बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, खांबावर आंब्याकडे तोंड करून बांधला. एप्रिलमध्ये झकास. जूनमध्ये आंब्याला पालवी आणि पाणी, स्पीड अर्धा. वर भिंतीतून केबल आत घेताना भोक बाहेरून आत उतरतं पाडलेलं, पहिल्या सरीत पाणी केबलवरून चालत थेट राउटरवर. तक्रार केली, दुसऱ्या दिवशी मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोण आलं, कधी आलं, ताईला पत्ता नाही. परत तक्रार, परत तोच मेसेज. शेवटी मीच शिडी लावून डबा जीआय पाइपवर मागच्या बाजूला नेला, बाहेर केबलला खाली एक लांब वळसा दिला म्हणजे थेंब तिथूनच गळतो, आणि भोक सिलिकॉनने बुजवलं. हजारो कोटींचं स्पेक्ट्रम आणि शेवटी सगळं अडतं ते एका भोकावर.

वीज गेली की काय, हा प्रश्न आमच्याकडे येणारच. आमच्या भागात टॉवर बॅटरीवर गेला की ५जी आधी गायब होतं, ४जी टिकतं, बॅटरी वाचवत असणार. डब्याला छोटा यूपीएस लावलात तरी टॉवरच झोपला तर उपयोग नाही.

टॉवरविरोधाबद्दल एवढंच, भारतात टॉवरच्या लहरींच्या उत्सर्जनाची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा हिस्सा आहे. विरोध करा, तुमचा हक्क आहे, पण तेच लोक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन रेंज नाही म्हणून माझ्यावर ओरडतात तेव्हा काय बोलायचं ते मला कळत नाही.

तर कुणी काय घ्यावं. शहरात राहता, फोन दोन-तीन वर्षं जुना ४जी आहे आणि चालतोय, तर फक्त ५जीसाठी नवीन घेऊ नका, दीड जीबीचा प्लॅन पुरतो. फोन ५जी आहे आणि डेटा दुपारी संपतो, तर २ जीबीवाला घ्या, ते अनलिमिटेड रोजच्या वापराला खरंच अनलिमिटेड चालतं, फक्त अंगणात. किनाऱ्यावर खोल्या, शॅक, दुकान आहे तर डबा घ्या पण सोबत दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागेल. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आत असाल तर पोर्ट करायच्या आधी कंपनीच्या वेबसाइटवरचा कव्हरेज नकाशा बघा, ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२५ पासून तो दाखवणं सक्तीचं केलंय, आणि नकाशावर विश्वास ठेवायच्या आधी शेजाऱ्याचं सिम तुमच्या घरात घालून बघा. बीएसएनएलचं देशी ४जी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झालं, आतल्या काही वाड्यांवर तेच एक चालतं, त्याला नावं ठेवू नका.

आणि डबा घेतलात तर वर्षाचं पॅक घ्या, बसवण्याचे हजार रुपये वाचतात. बसवायला मुलगा आला की चहा द्या पण शिडी धरून खाली उभे राहा, भोक आतून बाहेर उतरतं पाडायला लावा, आणि मृगाच्या विजा सुरू झाल्या की अडॅप्टर काढून ठेवायला विसरू नका, वॉरंटीत वीज पडणं बसत नाही.